ड्राय रन पोचलाच नाही

सेंट. सेंट. सेंट.

वैशालीच्या स्क्रीनवर हा एकच शब्द ओळीमागून ओळ खाली उतरत होता. प्रत्येक ओळीत एक मोबाइल नंबर आणि त्याच्यापुढे ‘सेंट’, म्हणजे मेसेज गेला. मी शेजारच्या खुर्चीत चहाचा कप हातात धरून बसले होते.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे नुसतं दाखवणार होतं ना?”

“काय टाईप केलंस?”

“आपल्या डॉक्युमेंटमध्ये आहे तेच.”

“थांबव. कंट्रोल सी दाब.”

तिनं दाबलं. पण तोवर शेवटचा नंबर येऊन गेला होता. खाली हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’ आलं आणि कर्सर लुकलुकत राहिला.

मी आस्मा मुलाणी. बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, मग बारामतीला घरी परत आले. इथं भिगवण रोडला आमचं लहानसं ऑफिस आहे. दवाखान्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ऑफिस संदीप सरांचं. मी टेक्निकल बाजू बघते, आणि वैशाली माझ्या टीममधली सगळ्यात नीटनेटकं काम करणारी मुलगी. हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी तिनं खरोखरच काही वेडंवाकडं केलं नव्हतं.

बारामतीतलं एक डोळ्यांचं हॉस्पिटल आमचं क्लायंट होतं. ते इंदापूर तालुक्यातल्या गावांमधून मोतीबिंदूचे पेशंट तपासून आणायचे आणि ठरलेल्या दिवशी एकदम सगळ्यांची ऑपरेशन्स करायचे. याला तिथं सगळे कॅम्प म्हणायचे. पेशंटना आठवण करून देणं, तारीख बदलली तर कळवणं, कॅम्प रद्द झाला तर कळवणं, हे मेसेज आमच्या सिस्टीममधून जायचे.

त्या सकाळी हॉस्पिटलच्या जगताप सिस्टरांचा फोन आला होता. पुढच्या महिन्यातला कॅम्प रद्द करायचा होता, कारण पुण्याहून येणारे सर्जन परदेशी जाणार होते. “पण लगेच पाठवू नका,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “कुणाकुणाला जाणार आणि मजकूर काय, ते आधी मला दाखवा.”

अशा वेळी आम्ही ड्राय रन करतो. ड्राय रन म्हणजे तालीम. काम होत नाही, पण खरं काम झालं असतं तर काय झालं असतं ते स्क्रीनवर दिसतं. वैशालीनं तेच करायला घेतलं होतं. कमांडमध्ये तिनं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या: कॅम्प पुढच्या महिन्याचा, आणि ड्राय रन.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामनं काय काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद. तालीम झालीच नव्हती, मेसेज खरे गेले होते. आणि कॅम्प पुढच्या महिन्याचा नव्हता.

कॅम्प उद्याचा होता.

‘आपली शस्त्रक्रिया काही कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. पुढील तारीख कळविण्यात येईल.’ हा मजकूर उद्या ऑपरेशन असलेल्या प्रत्येक पेशंटच्या नंबरवर जाऊन पडला होता. ही माणसं त्याच दिवशी संध्याकाळी भरती होणार होती. त्यांना आणायला हॉस्पिटलची बस दुपारी इंदापूरला निघणार होती. आणि आत्ता दुपारचे बारा वाजत आले होते.

 वैशाली स्क्रीनवरची स्वतःचीच कमांड पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू वाचता वाचता एखादं अक्षर बदललेलं सापडेल.

मी संदीप सरांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन वाक्यांत सांगितलं. सर उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला म्हणून कळवू या. तोवर आपण निस्तरू.”

“सर, नेटवर्क म्हटलं तर त्या थांबतील. नेटवर्क आपोआप नीट होतं ना. आता त्यांनी थांबून चालणार नाही, फोन करत सुटायला पाहिजे.”

 मी तिथंच उभी राहून जगताप सिस्टरांना फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

“मुलाणी मॅडम, काय चाललंय? माझ्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजतायत. लोक विचारतायत, मोठे डॉक्टर आजारी पडलेत का.”

“सिस्टर, तो मेसेज आमच्याकडून चुकून गेलाय. उद्याचं काही रद्द नाही.”

 पलीकडे कुठलीतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता.

“तुम्हाला माहीत आहे ना,” सिस्टर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “पुढच्या महिन्यातला खरंच रद्द आहे. म्हणजे उद्या जो येणार नाही, तो थेट त्याच्यानंतरच्या महिन्यातल्या कॅम्पला. यातल्या काहींना आता घरातलं माणूससुद्धा आवाजावरून ओळखावं लागतं.”

“माहीत आहे.”

“मग मला बोलण्यात गुंतवू नका. पेशंटना कळवा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बाहेर आले तेव्हा वैशालीनं दुसरी कमांड टाईप करून ठेवली होती. आठवण करून देणारा मेसेज, उद्याचा कॅम्प. बोट एंटरवर होतं.

“चालवू?”

“नको.”

“मॅडम, एकेक मिनिट जातंय.”

“अगं, चालवू दे तिला,” मागून सर म्हणाले.

“सर, टूल तेच आहे. मगाशी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, त्यानं एकही ऐकली नाही. आता ऐकेल कशावरून? हा मेसेज जुन्या सगळ्या पेशंटना गेला तर? ऑपरेशन होऊन गेलेली माणसंसुद्धा पिशवी घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहतील.”

एंटरवरचं बोट मागं आलं. पण ते मागं घ्यायला लावणं मलाही सोपं गेलं नाही. माणसं चुकीच्या समजुतीत घरी बसलीत हे माहीत असताना हात बांधून विचार करत बसायचं, हे फार जड जातं.  

इथं थोडं समजावून सांगायला हवं. आम्ही ही कामं एका बिल्ड टूलमधून चालवतो. प्रोग्रामची सगळी छोटी छोटी कामं त्या टूलमध्ये नावानिशी लावून ठेवलेली असतात. प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. टूलला टास्कचं नाव सांगितलं की ते टास्क चालवतं. टास्कला जास्तीची माहिती द्यायची असेल, म्हणजे कुठला कॅम्प, खरं की तालीम, तर ती नावापुढे लिहायची. तिला आर्ग्युमेंट म्हणतात.

आता आपण टाईप करतो ते पहिल्यांदा टास्कला ऐकू जात नाही, टूलला जातं. डॉक्टरांच्या केबिनबाहेर एक माणूस बसलेला असतो तसं. तुम्ही त्याला म्हणालात, “डावा डोळा दाखवायचाय, आणि आज फक्त तपासणी.” त्याला वाटलं हे आपल्यालाच सांगतायत. त्यानं मान डोलावली, पेशंटला आत ढकललं, आणि तुमचं बोलणं स्वतःजवळच ठेवलं. आत डॉक्टरांना कुणी काहीच सांगितलं नाही. मग ते रोजच्या सवयीनं जे करतात ते करणार.

संशय मला याचाच होता. पण संशयावर मेसेज पाठवता येत नाहीत. मी वैशालीला एक रिकामा टास्क लिहायला सांगितला. त्यानं फक्त एवढंच करायचं, की आपल्यापर्यंत काय पोचलं ते स्क्रीनवर छापायचं. तिनं तो लिहिला, मगाचीच दोन आर्ग्युमेंटं देऊन चालवला.

स्क्रीनवर रिकामा कंस आला. आत काही नाही.

“आता टास्कच्या नावानंतर नुसते दोन डॅश दे,” मी म्हणाले. “मग एक जागा सोड, आणि मग बाकीचं.”

त्या दोन डॅशचा टूलच्या भाषेत अर्थ असा, की यापुढचं तुझ्यासाठी नाही, जसंच्या तसं आत दे. तिनं ते दिले. या वेळी कंसात दोन्ही गोष्टी आल्या: कॅम्प, आणि ड्राय रन.

वैशाली म्हणाली, “पण मग इतके दिवस कसं चालत होतं?”

ते तिला स्वतःलाच एका मिनिटात आठवलं. तिचा जुना लॅपटॉप बिघडला होता आणि ती नव्यावर काम करत होती. जुन्यावर आमची एक छोटी स्क्रिप्ट होती, ती ते दोन डॅश आपले आपण घालायची. डॉक्युमेंटमधली कमांड ती स्क्रिप्ट आहे असं धरून लिहिलेली. नव्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट नव्हती. कमांड मात्र चालली. टूलनं ना एरर दिला, ना ‘हे मला समजलं नाही’ म्हटलं.

आणि टास्कला काहीच कळलं नाही, तेव्हा त्यानं डिफॉल्ट धरले. डिफॉल्ट म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर काय समजून चालायचं ते. रद्दचा असो वा रिमाइंडरचा, आमच्या प्रत्येक टास्कचे डिफॉल्ट दोन होते: कॅम्प सगळ्यात जवळचा, आणि मेसेज खरा. रोजच्या रिमाइंडरसाठी ते सोयीचं पडायचं.

आता रिमाइंडर. “पहिल्यांदा फक्त आपल्या तिघांना,” मी म्हणाले. तिघांचे फोन टेबलावर एकामागून एक थरथरले. मग ड्राय रन करून त्यातले पहिले आणि शेवटचे काही नंबर उद्याच्या कॅम्पचेच आहेत का ते मी पाहिलं. मग सगळ्यांना.

हा मेसेज नेहमीचाच होता: ‘आपली शस्त्रक्रिया उद्या आहे, आज भरती होण्यास यावे.’ मगाचा मेसेज चुकीचा होता, असं त्यात कुठंही नव्हतं. आपल्याकडे असे मेसेज वाटेल ते लिहून पाठवता येत नाहीत. मजकूर आधी मोबाइल कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ‘आम्ही चुकलो’ असा मजकूर आम्ही कधी मंजूर करून घेतलाच नव्हता.

म्हणजे लोकांच्या फोनवर आता दोन मेसेज होते. एक म्हणत होता येऊ नका, दुसरा म्हणत होता या.

मग फोन. यादीतला अर्धा भाग हॉस्पिटलनं घेतला, अर्धा आम्ही. संदीप सरसुद्धा शर्टाच्या बाह्या दुमडून बसले.

“नमस्कार, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. ऑपरेशन उद्याच आहे.”

“मगाशी रद्द म्हणला, आता हाय म्हणताय. नक्की कुठला खरा?”

“आत्ताचा खरा.”

“आन् तासाभरानं आनखी येक आला तर?”

“येणार नाही.”

“बघा बरं. आई हितं तयार हुन बसली हुती, मग डोळं पुसत बसली, आता परत तयार हुतीया.”

एका आजोबांनी तर मला बोलूच दिलं नाही. “ओटीपी सांगनार न्हाय.”

“मला ओटीपी नकोय, आजोबा.”

“सगळी आसंच म्हणत्यात.” फोन बंद. तिसऱ्या वेळी त्यांनी उचललाच नाही. शेवटी जगताप सिस्टरांनी स्वतः लावला आणि ‘गोळ्या वेळेवर घेता का’ म्हणून आधी रागावल्या, तेव्हा त्यांची खात्री पटली.

बहुतेक नंबर पेशंटचे नव्हतेच. मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा. मुलगा कुठंतरी कंपनीत, त्यानं मेसेज वाचून घरी निरोप दिलेला, आणि घरातलं माणूस निरोप ऐकून आपल्या कामाला लागलेलं. वालचंदनगरच्या जवळच्या एका वस्तीवरच्या शांताबाईंच्या नावापुढे सुनेचा नंबर होता.

“आत्या गेल्या की टेंभुर्णीला, लेकीकडं,” सून म्हणाली. “मेसेज आला तशा निघाल्या. लेक बरेच दिस बलवत हुती.”

“लेकीचा नंबर द्या.”

“तिचा फोन बंदच हाय. पोरांनी पाडला परवा. घर मला नीट ठावं न्हाय, त्यास्नी नवी जागा घेतलीया.”

“कुणाकडून निरोप पोचेल?”

“आमचं मालक कारखान्यावर गेल्यात. आल्यावर इचारते.”

मी त्या नावाभोवती गोल केला. असाच दुसरा गोल निमगाव केतकीच्या दगडूतात्यांच्या नावाभोवती होता. नंबर त्यांच्या मुलाचा, महेशचा. तो चाकणला कंपनीत. फोन बंद. पाळी सुरू झाली की तिथं मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. म्हणजे रद्दचा मेसेज त्यानं जेवणाच्या सुट्टीत वाचला असणार, आणि दुसरा संध्याकाळी वाचणार.

जगताप सिस्टरांना मी दोन्ही नावं सांगितली. तात्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, “दगडूतात्यांना मागच्या कॅम्पला मीच परत पाठवलं होतं. साखर वाढलेली. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानंही जेमतेम. या वेळी पथ्य पाळून आणलीय खाली. त्यांना सोडू नका.”

यादीतले राहिलेले फोन वैशालीवर सोपवून मी आणि सर गाडी काढून निघालो.

तो रस्ता मी लहानपणापासून ओळखते. पण त्या दिवशी भवानीनगर ते जंक्शन एवढं अंतर संपता संपेना. कारखाने सुरू होते. उसाच्या दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, गाणी मोठ्यानं लावलेली, हॉर्न कुणाला ऐकू जाणार? सर स्टिअरिंगला बिलगून बसले होते.

“सिस्टर ट्रस्टींना सांगतील,” ते म्हणाले.

“सांगतील.”

“आपलं काम जाईल.”

“जाईल कदाचित.”

“तू जरा धीर दे की गं.”

“सर, समोरून येतंय बघा.”

अंथुर्णे मागं पडल्यावर हॉस्पिटलच्या बसच्या ड्रायव्हरचा, रशीदभाईंचा फोन आला. ते इंदापुरातून परत फिरले होते. इंदापूरची बहुतेक माणसं बसमध्ये होती. “निमगावला थोडा वेळ थांबीन,” ते म्हणाले. “पुढं जंक्शनला बी माणसं उन्हात उभी हायती.”

निमगावात बाजाराचा दिवस होता. गाडी आत जाईना. सर गाडीत थांबले आणि मी भाजीच्या पालांमधून वाट काढत तात्यांचं घर विचारत गेले. घर सापडलं. दारात त्यांची सून होती.

“तात्या कुठं आहेत?”

“बारशाला गेल्यात, वस्तीवर. पुतन्याच्या घरी.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी दवाखान्यातल्या व्हय?”

“ऑपरेशन रद्द नाहीये. चुकून मेसेज गेला.”

तिनं कपाळावर हात मारला. “आवं, सकाळपासनं पिशवी भरून बसलं हुतं. मग ह्यांचा फोन आला, रद्द झालं म्हनून. लई बोललं पोराला. आन् मग म्हनलं, आता कशाला पथ्य पाळू? आन् गेलं जेवायला.”

ती पिशवी कोपऱ्यात तशीच होती. ती उचलून सून माझ्याबरोबर गाडीत येऊन बसली.

वस्तीवर मांडव घातला होता. जेवणाची पंगत बसलेली. तात्या मधल्या ओळीत होते, पांढरं धोतर, टोपी, पत्रावळीवर जवळजवळ डोळा टेकवून जेवत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले.

“तात्या, मी दवाखान्याकडून आलेय. जेवण थांबवा.”

पंगतीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. वाढपी तसाच उभा राहिला.

“कोन तू?”

“आस्मा. बारामतीच्या मुलाण्यांची. तात्या, ऑपरेशन उद्याच आहे. गाडी स्टँडवर थांबलीय.”

“पोरगं तर रद्द म्हनलं.”

“आमच्याकडून चुकीचा निरोप गेला होता.”

त्यांनी चेहरा वर केला. माझ्या दिशेनं, पण थोडा बाजूला. मग सावकाश हातातली जिलेबी पत्रावळीवर ठेवली.

“किती खाल्ल्या?” मी विचारलं.

“दोन,” ते म्हणाले. शेजारचा माणूस हसला. तात्यांनी मान त्याच्याकडे वळवली. “बरं, चार.”

स्टँडवर आम्ही पोचलो तेव्हा रशीदभाई बस सुरू करून उभेच होते. निमगावची बाकीची माणसं चढलेली. खिडकीतून एक म्हातारी ओरडून विचारत होती, “आता तरी नक्की हाय न्हवं?”

संध्याकाळी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये जगताप सिस्टर एकेक नाव पुकारत होत्या. मी, वैशाली आणि संदीप सर भिंतीला टेकून उभे. प्रत्येक नावाला कुणीतरी ‘हाय’ म्हणायचं, आणि वैशाली यादीवर खूण करायची. ओटीपीवाले आजोबासुद्धा आले होते. शांताबाईंचं नाव आलं. सिस्टरांनी ते दोनदा पुकारलं, आणि पुढं गेल्या.

तात्यांची साखर वाढलेली निघाली.

“काय खाल्लंत?” सिस्टरांनी विचारलं.

“बारसं हुतं,” तात्या म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “सकाळी उपाशीपोटी परत बघू. मग मोठे डॉक्टर ठरवतील.”

तात्यांना कॉटवर बसवलं. आम्ही निघणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “ते रद्द म्हनून कुनी धाडलं हुतं?”

संदीप सरांनी तोंड उघडलं. “तात्या, ते कसं झालं, सिस्टीममध्ये—”

“माझ्या हातून गेलं,” वैशाली म्हणाली.

हॉलमध्ये बरीच माणसं होती. आजूबाजूच्या दोन-तीन कॉटवरचं बोलणं थांबलं. तात्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. वैशालीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“लेकी, तू सांगितलंस ते बरं झालं,” तात्या म्हणाले. “मी पोराला शिव्या दिल्या. म्हनलं, तुलाच नीट वाचता येत न्हाय, कंपनीत काय काम करतोस. त्येला फोन लावून दे.”

महेशची पाळी सुटली होती. फोन लागला.

“म्हेशा,” तात्या मोठ्यानं म्हणाले, कारण फोनवर मोठ्यानंच बोलायचं असतं, “तुझं बरुबर हुतं रं. मेसेजच तसा हुता.” पलीकडून काय आलं ते कळलं नाही. तात्या एवढंच म्हणाले, “जेवलास का?”

वैशाली बाहेर पायऱ्यांवर जाऊन रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. मलाही सकाळपर्यंत झोप येणार नव्हती.

सकाळी तात्यांची साखर मर्यादेत आली, पण अगदी काठावर. सर्जननी त्यांना सगळ्यात शेवटी घेतलं. दुपारी सिस्टरांचा मेसेज आला: ‘तात्या झाले.’ दोनच शब्द. मी ते वैशालीला दाखवले, मग सरांना.

शांताबाईंना निरोप मिळाला तेव्हा सर्जन पुण्याला परत निघाले होते.

हॉस्पिटलचं काम गेलं नाही. ट्रस्टींनी आम्हाला बोलावलं, संदीप सरांनी जे झालं ते तसंच सांगितलं. डॅशपर्यंत सांगितलं. ट्रस्टींना ते कितपत कळलं माहीत नाही. त्यांनी एकच विचारलं, पुन्हा होणार नाही याची खात्री काय? त्यावर आम्ही टास्क बदलला होता. आता त्याला कॅम्प सांगितला नाही तर तो जवळचा कॅम्प धरत नाही, थांबतो. आणि खरं की तालीम हे सांगितलं नाही तर तालीमच करतो. खरं पाठवायचं असेल तर ते वेगळं लिहावं लागतं. ‘मागील संदेश चुकीचा होता’ असा एक मजकूरही आम्ही मंजूर करून घेतला. तो अजून वापरावा लागलेला नाही.

शांताबाईंचं ऑपरेशन पुढं, त्यानंतरच्या कॅम्पला झालं. मी मुद्दाम हॉस्पिटलमध्ये गेले होते. पट्टी काढून त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या मेसेजमुळं तुमचा नंबर हुकला, आणि तो मेसेज आमच्या ऑफिसातून चुकून गेला होता.

“आसं व्हय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, डाक्टरलाच काय तरी झालं. येवढ्या मानसांचं रद्द करायचं म्हंजी मोठंच काय तरी आसनार. टेंभुर्णीत देवीला नारळ फोडला मी त्येंच्यासाठी.”

 त्यांनी चष्मा थोडा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, कपाळापासून पायापर्यंत.

“तू दिसतीस बारीक,” त्या म्हणाल्या. “आवाजावरनं मोठी वाटली हुतीस.”

बिल्ड टूलवर माझा राग नाही. त्याला न कळलेलं त्यानं गिळलं आणि सक्सेस म्हटलं, त्याची रीत तशीच आहे. पण ज्या टास्कच्या शेवटी माणसं असतात, त्याला काही ऐकू आलं नाही तर त्यानं काहीच करू नये. एवढं आम्ही त्याला पहिल्या दिवशीच शिकवायला हवं होतं. ते शिकवायला कोडच्या तीन ओळी लागल्या.